दुर्बीण कोण धरणार

कॅमेराताईंना हे नाव कोणी दिलं ते आता हॉस्पिटलात कोणालाच आठवत नाही. फोटो काढण्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. घरच्या कार्यातले त्यांनी काढलेले फोटो चटकन ओळखू येत, कारण त्यांत उंच माणसांची डोकी उडालेली असत. पण ऑपरेशन थिएटरमध्ये, माणसाच्या पोटात सोडलेली दुर्बीण धरावी तर ताईंनीच, याबद्दल दुमत नव्हतं.

दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे काय, हे शेजारणीला समजावताना ताई म्हणत, "दार न उघडता घर झाडायचं. पोटाला दोन-तीन बारीक भोकं पाडायची. एकातून कॅमेऱ्याची लांब नळी आत, बाकीच्यांतून लांब दांड्याची हत्यारं. डॉक्टर पोटाकडे बघतच नाहीत, समोरच्या टीव्हीकडे बघतात."

"आणि तुम्ही काय करता?"

"मी डॉक्टरांचे डोळे धरते."

ही बढाई नव्हती. मोठ्या डॉक्टरांचे दोन्ही हात हत्यारांत गुंतलेले असत आणि नळी ताईंच्या हातात. ती हलली की टीव्हीवरचं अख्खं पोट गदगदायचं. जरा गोल फिरली की वरचं खाली. फार पुढे गेली की भिंगाला काहीतरी लागून सगळं धुरकट. ताईंचा हात हलत नसे. भिंग धुरकटणार हे त्यांना आधीच कळे, आणि ते गरम पाण्याच्या थर्मासमध्ये बुडवून, पुसून, परत जागेवर आलेलंही असे. डॉक्टरांना 'जरा डावीकडे' म्हणायची वेळच येत नसे. त्यांचं हत्यार वळायच्या आत चित्र वळलेलं असे.

हे त्या शिकल्या कुठे, तर संसारात. त्यांचे यजमान प्लंबर. सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणे, ताईही इतरांशी बोलताना 'आमचे मिस्त्री' म्हणत. लग्न झालं तेव्हा मिस्त्रींना मदतनीस परवडत नसे, म्हणून नवी नवरी बॅटरी धरायला बरोबर जाई. जगातले निम्मे संसार बॅटरी धरण्यावरून कडू झालेत असं ताईंचं मत होतं. नवरा बेसिनखाली आडवा, बायको बॅटरी घेऊन उभी, आणि उजेड नेमका नको तिथे. मिस्त्री पहिल्या दिवशी एकदाच खेकसले होते. ताईंनी बॅटरी त्यांच्या छातीवर ठेवली आणि म्हणाल्या, "तुम्ही डोळे कुठे फिरवता ते मला दिसू द्या, मग बोला." तेव्हापासून त्या पाइपाकडे बघायच्याच नाहीत, नवऱ्याच्या बुबुळांकडे बघायच्या.

पुढे त्या हॉस्पिटलात हत्यारं धुवायला लागल्या, आणि एक दिवस दुर्बीण धरणारा माणूस आला नाही म्हणून डॉक्टरांनी हात धुवून उभं राहायला सांगितलं. ते उभं राहणं अजून चालू होतं. मधल्या काळात रीतसर शिक्षण झालं, परीक्षा झाल्या, केस पिकले.

आणि मग जावई आला.

म्हणजे रोबोट. जावई हे नाव मात्र ताईंनीच दिलं होतं, आणि ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. त्याच्यासाठी वेगळी खोली रिकामी केली, वेगळा एसी बसवला, दार रुंद केलं. तो यायचा म्हणून सगळे नवे कपडे घालून उभे. त्याला चार हात, आणि प्रत्येक ऑपरेशनआधी त्या चारी हातांवर प्लास्टिकची निर्जंतुक वेष्टनं चढवावी लागत. ताई त्यांना झबली म्हणत. "या, जावयाला झबली घाला," असं त्या ओरडल्या की नव्या मुली हसून बेजार.

पण जावई आला तो डोळे बरोबर घेऊन आला. पेशंटपासून दूर, कोपऱ्यातल्या एका पेटीत डोकं खुपसून मोठे डॉक्टर खुर्चीवर बसत, दोन बोटांच्या कड्या फिरवत, आणि जावयाचे हात पेशंटच्या पोटात फिरत. कॅमेराही डॉक्टर स्वतःच पायाखालच्या पट्टीनं हलवत. तो कधी थकत नसे, कधी थरथरत नसे. ताईंनी हे पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी त्या घरी येऊन मिस्त्रींना म्हणाल्या, "छान आहे हो. खरंच छान आहे." आणि मग भाजी करपली.

त्यांनी खोटं बोलायचं ठरवलं असतं तरी जमलं नसतं. जावयाचं मनगट सगळीकडे वळायचं, आपल्या मनगटापेक्षा जास्त. अवघड जागी टाका घालताना दुर्बिणीच्या सरळ दांड्यांशी डॉक्टर झगडायचे ते ताईंनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. इथे सुई वळून टाका पडायचा, सहज. डॉक्टर खुर्चीवरून उठायचे तेव्हा मान चोळत नसत. हळूहळू अवघड कामं जावयाकडे गेली. जांघेतले साधे हर्निये, पित्ताशयं अशी कामं दुर्बिणीकडे, म्हणजे ताईंकडे राहिली. जावयाच्या दिवशी त्या झबली चढवत आणि हत्यारं बदलत. काम कमी नव्हतं. पण त्या दिवशी घरी आल्यावर त्यांचा हात दुखत नसे, आणि ते न दुखणं त्यांना टोचे.

अशात मिस्त्रींचं खोकणं त्यांच्या लक्षात आलं.

खोकल्यात काही नव्हतं, सगळं हातात होतं. खोकला येणार असं वाटलं की मिस्त्रींचा उजवा हात विजारीच्या खिशात जाई आणि खोकला संपला की बाहेर येई. सकाळचा चहा चालला होता. ताईंनी कप खाली ठेवला.

"खोका."

"काय?"

"हात खिशातून काढून खोका."

मिस्त्रींनी चहाकडे असं पाहिलं, जणू आजच्या चहात काहीतरी विशेष आहे.

"कधीपासून आहे?"

"काय कधीपासून आहे?"

"अहो, मी काय फुलं विकते का? रोज बघते मी. जांघेत फुगवटा येतो, आडवं झालं की आत जातो, हो ना?"

"वॉशर सैल झालाय थोडा," मिस्त्री म्हणाले. "गीझर उचलताना. दाबून धरलं की राहतं जागेवर."

"तुमच्याकडे कोणी गळका नळ घेऊन आलं आणि म्हणालं, बोट लावून धरलं की थांबतो, तर तुम्ही काय म्हणाल?"

मिस्त्रींना उत्तर माहीत होतं. मग खरं कारण बाहेर आलं. "तुझ्या तिथल्या सगळ्या बायका मला ओळखतात. मी तुझा डबा घेऊन येतो, त्या माझ्याशी चार शब्द बोलतात. त्यांनी मला तसं पाहिलं की नंतर डबा कुठल्या तोंडानं आणू?"

"तिथे तोंड कोणी बघत नाही."

"तेच म्हणतोय मी."

ताईंना हसू आवरेना. मिस्त्री मात्र गंभीर होते. त्यांनी सगळा विचार करून ठेवला होता. "तुमच्या त्या जावयाकडून करून घेतो. यंत्राला लाज नाही, मग मलाही नाही. खोलीत मी आणि तो. डॉक्टर तर लांब पेटीत डोकं घालून बसलेले असतात, तूच सांगितलंस."

ताईंनी खुर्ची जवळ ओढली. आपला नवरा गेले कित्येक दिवस मनात एक रिकामी खोली आणि त्यात एकटंच काम करणारं यंत्र घेऊन फिरतो आहे, हे त्यांना आत्ता कळत होतं. "अहो, जावयाभोवती माणसं जास्तच असतात. झबली घालणारे, हत्यारं बदलणारे, शेजारी उभे राहणारे. आणि दोन्हीकडे तुमच्यावर चादरी असतात, पोटाचा वीतभर तुकडा तेवढा उघडा. तुम्ही आहात का शेजारचे काका आहेत, तेसुद्धा कळत नाही."

"शेजारचे काका पण येऊन गेले?"

"चहा प्या मुकाट्यानं."

मोठे डॉक्टर मिस्त्रींना चांगले ओळखत होते. त्यांच्या घरची टाकी मिस्त्रींनीच बसवली होती. तपासून झाल्यावर त्यांनी कागदावर पोटाची भिंत काढली, तिला पडलेली फट काढली.

"फट बुजवायची, आतून जाळी लावायची. दुर्बिणीनं केलं तरी तीच जाळी, रोबोटनं केलं तरी तीच."

"भोकं?" मिस्त्रींनी विचारलं.

"दोन्हीकडे तीनच, बारीक. रोबोटची किंचित मोठी."

"मग चालायला कधी लागतो?"

"त्याच दिवशी. दोन्हीत. जड उचलणं काही आठवडे बंद, तेही दोन्हीत. एका बाजूचा, पहिल्यांदाच झालेला, साधा हर्निया आहे तुमचा. अशा हर्नियाला पुढे जाऊन दोन्हींच्या निकालात फारसा फरक दिसत नाही. रोबोटला मांडामांडीचा वेळ लागतो, खर्च जरा जास्त येतो. आधी ऑपरेशन झालेलं असतं, दोन्ही बाजूंना असता, फार मोठा असता, तर मी कदाचित त्याच्याकडे ओढ घेतली असती."

"फरक कोणाला पडतो मग?"

"माझ्या मानेला," डॉक्टर म्हणाले. "आणि ताईंच्या हाताला. तुम्ही ठरवा दोघं. ताईंना विचारा, त्यांनी दोन्ही जवळून पाहिलंय."

घरी येताना मिस्त्री खुशीत होते. त्यांच्या मते प्रश्न सुटला होता, ताई सांगतील ते. त्यांनी वाटेत लेकीला फोन लावला, तर ती पलीकडून म्हणाली, "बाबा, रोबोट असताना नळ्यांनी कशाला?" मिस्त्री म्हणाले, "नळ्यांवर तुझं शिक्षण झालंय, नळ्यांना नावं ठेवू नकोस." आणि फोन ताईंकडे दिला. ताई लेकीशी हवापाण्याच्या गप्पा मारत राहिल्या.

घरी आल्यावर मिस्त्री टेबलाशी बसले. "हं. बोल."

ताई ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या. पेशंटांना, त्यांच्या बायकांना, आयांना त्यांनी हे शंभरदा सांगितलं होतं. आत्ता मात्र तोंडाशी आलेलं प्रत्येक वाक्य एका बाजूला कलत होतं. दुर्बिणीची भोकं जरा लहान, हे खरं. वेळ कमी, हेही खरं. पण ती खरी वाक्यं त्या का निवडून काढतायत, हे त्यांना ठाऊक होतं. जन्मभर आपण जे केलं, ते मागे टाकून आपल्या घरचा माणूसही यंत्राकडे गेला तर कसं वाटेल, या भीतीनं निवडत होत्या.

"मला विचारू नका," त्या म्हणाल्या.

"का?"

"माझं मत सरळ नाही. डॉक्टर म्हणाले ते खरं आहे, दोन्ही सारखं. पण मला वाटतं तुम्ही दुर्बिणीनं करावं. आणि ते तुमच्यासाठी नाही वाटत, माझ्यासाठी वाटतं."

मिस्त्रींनी थोडा विचार केला. ते फार विचार करणारे नव्हते, पण जो करत तो नीट करत. "दोन्ही सारखंच असेल तर ते तुझ्यासाठी का करू नये? नवरे बायकांसाठी दागिने करतात. मी हर्निया करतो." मग म्हणाले, "आणि तू धरणार असशील तर मला लाजही वाटायची नाही. बॅटरी तूच धरलीस इतकी वर्षं."

ताईंनी त्या दिवशी जेवणात दोन भाज्या केल्या.

आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एका वाक्यात सगळ्यावर पाणी ओतलं. तेही चिडून नाही, हात धुता-धुता. "ठीक आहे, दुर्बिणीनं करू. पण ताई, तुम्ही त्या दिवशी आत नाही."

ताईंनी नळ बंद केला.

"घरच्या माणसानं टेबलाशी उभं राहायचं नाही. नियम कोणाला सांगतोय मी? त्या भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या भावाच्या वेळी त्यांना बाहेर कोणी काढलं होतं?"

ताईंनीच काढलं होतं. दंडाला धरून. "तुमचा हात स्थिर असेल, पण भाऊ तुमचा आहे," असं म्हणून. नवरा-बायको दोघांनी मिळून, टेबलाशी बसून, दोन भाज्या खाऊन ठरवलं होतं आणि हा नियम दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता. मिस्त्रींना तो माहीत नव्हता. ताईंना तर तो पाठ होता.

"मग कोण धरणार?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर टॉवेलनं हात पुसत राहिले. "तुम्ही नसता तेव्हा मी काय करतो? पुढे ढकलतो, नाहीतर रोबोटवर घेतो. तुम्ही कोणाला शिकवलंय का कधी?"

हा प्रश्न ताईंना झोंबला, कारण तो डॉक्टरांनी पूर्वी चार-पाचदा विचारला होता आणि त्यांनी दरवेळी 'बघू' म्हटलं होतं. खरं तर बघायचं काही नव्हतं. काही बायका आपला हातखंडा पदार्थ सुनेला सांगताना मुद्दाम एक जिन्नस विसरतात, तसं ताईंचं होतं. कोणी शिकायला आलं की त्या म्हणत, "बघत राहा, येईल." बघून येत नाही हे त्यांना चांगलं माहीत होतं. लांब रजाही त्या घेत नसत. लेकीच्या बाळंतपणात गेल्या त्यासुद्धा जीव टांगणीला लावून, आणि त्यांच्या मागे कोणाचं काही अडलं हे परत आल्यावर ऐकून त्यांना बरं वाटलं होतं.

"मग जावयाकडे देऊ या?" डॉक्टर म्हणाले. "मला चालेल. त्यांनाही काही कमी पडणार नाही."

"नाही," ताई म्हणाल्या. "वादळाला शिकवते."

डॉक्टरांच्या हातातला टॉवेल खाली पडला.

वादळ म्हणजे थिएटरमधली दुसरी सिस्टर. ताईंच्याच वयाची, अंगानं भरलेली, चालायला लागली की ट्रेमधली हत्यारं वाजायची. तिला एका जागी उभं राहणं जमत नसे, अपवाद फक्त लिफ्टचा, तोही नाइलाज म्हणून. पण तिचे हात मजबूत होते, डोळा तेज होता, आणि मुख्य म्हणजे ती कोणाला घाबरत नव्हती.

"मी?" वादळ म्हणाली. "अगं, माझ्या हातात दुर्बीण म्हणजे भूकंप. डॉक्टरांना समुद्र लागेल."

"घरी ये. संध्याकाळी."

"घरी काय आहे?"

"बेसिन."

ताईंच्या स्वयंपाकघरात, बेसिनखालचं कपाट उघडं टाकून मिस्त्री पाठीवर आडवे झाले. जड उचलायला बंदी होती, आडवं पडायला नव्हती. उलट आडवं पडलं की त्यांचा फुगवटा आत जाई आणि त्यांना बरं वाटे. वादळ बॅटरी घेऊन वाकली.

"माझ्या डोळ्यात मारताय," मिस्त्री म्हणाले.

"मग मिटा."

"मिटून जोड कसा खोलू?"

"तुम्हाला इतकं येतं ना, मग डोळे मिटून खोला."

ताईंनी वादळाचं कोपर धरलं आणि तिच्या बरगडीला चिकटवलं. "हात असा अधांतरी ठेवलास तर थरथरणारच. कोपर अंगाला टेकव. आता पाइपाकडे बघू नकोस. त्यांचा पाना कुठे निघालाय ते बघ. पाना पोचायच्या आधी उजेड तिथे."

"अगं, पण हे कधी सांगितलं नाहीस आम्हाला. कोपराचं."

ताईंनी तिचं कोपर पुन्हा नीट टेकवलं. मिस्त्री बेसिनखालून म्हणाले, "मलाही नाही सांगितलं. मी इतकी वर्षं समजत होतो की तिचा हातच तसा आहे."

वादळ रोज संध्याकाळी यायला लागली. बेसिनखालचा जोड खोलून-लावून गुळगुळीत झाला. हॉस्पिटलात ताईंनी एका खोक्याला भोकं पाडली, आत बटणं, दोरे, एक रबरी हातमोजा टाकला, आणि जुनी दुर्बीण तिच्या हातात देऊन स्वतः दुसऱ्या भोकातून चिमट्यानं बटणं उचलायला बसल्या. पहिल्या दिवशी टीव्हीकडे बघून त्यांना गरगरलं. मग वादळ खऱ्या ऑपरेशनला थोडा-थोडा वेळ धरू लागली, ताई शेजारी. हात मागे घेऊन नुसतं शेजारी उभं राहणं ताईंना दुर्बीण धरण्यापेक्षा जड गेलं. बोटं आपोआप पुढे जात. एकदा त्यांनी वादळाच्या हाताला हात लावला, तेव्हा डॉक्टर टीव्हीवरून नजर न हलवता म्हणाले, "ताई, सासूबाई होऊ नका."

मिस्त्रींची लाज मधल्या मध्ये कधी गळाली ते त्यांनाही कळलं नाही. वादळ आली की ते स्वतः कपाट उघडून आडवे होत. "आता हिच्यासमोर कसली लाज," ते म्हणाले. "हिनं माझ्या नाकात बॅटरी घातलीय."

ऑपरेशनच्या सकाळी मिस्त्रींना आत नेलं. दार मिटताना ते स्ट्रेचरवरून म्हणाले, "डबा कोण आणणार आज?" आणि दार मिटलं.

ताई बाहेरच्या बाकावर बसल्या. या बाकासमोरून त्या रोज जात-येत. इथे बसलेली माणसं दर वेळी दार उघडलं की मान वर करतात हे त्यांनी पाहिलं होतं, पण बाक इतका अरुंद आहे हे माहीत नव्हतं. शेजारी एक बाई बसली होती, तिची सून आत होती. तिनं विचारलं, "तुमचं कोण?"

"आमचे हे. हर्निया."

"यंत्रानं का दुर्बिणीनं?"

"दुर्बिणीनं."

"आम्हाला तर काही कळत नाही यातलं. तुम्हाला कळतं?"

"आज नाही कळत," ताई म्हणाल्या, आणि ते अगदी खरं होतं. आत्ता पोटात हवा भरली असेल. आत्ता पोटाच्या भिंतीवरचा पातळ पडदा बाजूला सारला असेल. आत्ता रक्तवाहिनीजवळ आले असतील, तिथे भिंग धुरकटून चालत नाही. त्यांनी थर्मासमध्ये गरम पाणी भरायला सांगितलं होतं का? सांगितलं होतं, दोनदा. वादळ म्हणाली होती, "तिसऱ्यांदा सांगितलंस तर चहा करीन त्याचा." त्यांचा उजवा हात मांडीवर मुठीत वळला होता. शेजारच्या बाईनं आपली पाण्याची बाटली त्यांच्या पुढे केली. ताई पाणी प्यायल्या आणि त्यांनी तिला तिच्या सुनेबद्दल विचारलं. ती बोलू लागली आणि ताई खरंच ऐकू लागल्या.

दार उघडलं. डॉक्टर टोपी काढत बाहेर आले. "झालं. छान झालं. मिस्त्री जागे होतायत, पाना मागतायत."

मिस्त्री त्याच संध्याकाळी वॉर्डात दोन फेऱ्या चालले आणि दुसऱ्या दिवशी घरी आले. खोकताना पोटाला उशी धरत, आणि उशी धरली की ताईंकडे बघून म्हणत, "खिशात नाही, बरं का."

दोन दिवसांनी डॉक्टरांनी ऑपरेशनची चित्रफीत ताईंच्या फोनवर पाठवली. ताई खिडकीशी बसल्या. मिस्त्रींनी शेजारी बसून एकदा पाहिलं, "हा मी?" म्हणाले, आणि आपल्याला आतून काही बघायचं नाही असं सांगून वर्तमानपत्र घेतलं.

ताईंनी परीक्षकाच्या डोळ्यानं बघायला सुरुवात केली. सुरुवातीला चित्र जरा तिरकं. मग सरळ झालं. एका ठिकाणी वादळ अंमळ मागे राहिली, हत्यार आधी पोचलं, चित्र नंतर. ताईंच्या मनात बारीकसं काहीतरी सुखावलं, आणि लगेच त्यांना स्वतःचा राग आला, कारण हत्यार ज्या पोटात पोचलं होतं ते शेजारी वर्तमानपत्र वाचत होतं.

मग जाळी आली. गुंडाळलेली जाळी आत सोडायची आणि उलगडून नीट पसरायची, ही या कामातली मोक्याची जागा. सुरकुती राहिली, कोपरा दुमडला, तर पुढे तोच कोपरा त्रास देतो. ताई इथे नेहमी दुर्बीण जवळ नेत. एक कोपरा अगदी स्पष्ट दाखवायचा, तो बसला की दुसरा, मग तिसरा. वादळानं उलटं केलं होतं. तिनं दुर्बीण मागे घेतली होती, बरीच मागे, आणि सगळी जाळी चारी कोपऱ्यांसकट एकाच वेळी टीव्हीवर आली होती. डॉक्टरांनी एकदा इकडे ओढलं, एकदा तिकडे, आणि जाळी धुतलेल्या चादरीसारखी पसरली. झालं.

ताईंनी तेवढा भाग पुन्हा पाहिला. मग पुन्हा. मग वादळाला फोन लावला.

"जाळीच्या वेळी मागे का घेतलीस?"

"चुकलं का?" वादळाच्या मागे कोणीतरी ट्रे आपटल्याचा आवाज आला. तो बहुधा तिनंच आपटला होता. "अगं, मला दिसेना जाळी संपते कुठे. मला असं डोळ्यासमोर काही धरून ठेवलं की घुसमटतं. म्हणून घेतली मागे. डॉक्टर काही बोलले नाहीत, म्हणून मीही बोलले नाही."

"चुकलं नाही," ताई म्हणाल्या. पुढचं वाक्य यायला वेळ लागला, पण आलं. "माझ्यापेक्षा चांगलं धरलंस. हे मला सुचलं नसतं."

पलीकडे चक्क शांतता झाली. वादळ गप्प बसलेली ताईंनी पहिल्यांदाच ऐकली.

"अगं," अखेर वादळ म्हणाली, "तू बरी आहेस ना?"

"बरी आहे. ऐक, सोमवारी दोन हर्निये आहेत ना दुर्बिणीचे. ते तूच धर."

"आणि तू?"

ताईंनी मिस्त्रींकडे पाहिलं. ते वर्तमानपत्रामागून ऐकत होते आणि ऐकत नसल्याचा आव आणत होते.

"मी पुढचा आठवडाभर येत नाही," ताई म्हणाल्या. "आलीच काही अडचण तर अडचणीला सांग, ताई घरी आहेत."

फोन ठेवल्यावर मिस्त्रींनी वर्तमानपत्र खाली केलं. "आठवडाभर? घरी काय करणार तू?"

"काही नाही. बसणार."

"इथे?"

"सरका जरा," ताई म्हणाल्या, "उशी घेऊन."